कुणाची हरकत नाही ना?

गॉलवे,
१० मार्च २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परवा शुक्रवारी महाशिवरात्र. पहाटे उठून आंघोळ केली, पिंडीवर पाणी घातलं. इथे बेल कुठला मिळायला! हिरवळीत तीन पानांचं एक गवत उगवतं, शॅमरॉक म्हणतात, तेच मी दर वर्षी बेल समजून वाहतो. शंकर अजून काही बोललेला नाही. मग उपाशीपोटी उल्काला घेऊन शाळेत मतदानाला गेलो. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको इथले नागरिक झालो, त्यानंतरचं हे पहिलंच मत. दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली आणि, खरं सांगतो, आधी कागद दोनदा वाचला.

निवडणूक माणसांची नव्हती, प्रश्नाची होती. इथल्या घटनेत एक जुनं कलम आहे. बाईच्या घरातल्या कामाचा देशाला आधार आहे, अशा अर्थाचं. ते काढून, घरातली माणसं एकमेकांची जी काळजी घेतात तिला हातभार लावायचा सरकार प्रयत्न करील, असं घालायचं का, हो किंवा नाही. आणखी एक प्रश्न होता, तो लिहीत बसत नाही. मी 'हो'वर फुली मारली. काल निकाल लागला, 'नाही'वाले कितीतरी जास्त निघाले.

पण महिनाभर काय वातावरण होतं म्हणून सांगू! खांबाखांबावर दोन्हीकडचे फलक. आमच्या भजनाच्या ग्रुपवरही वाद झाला आणि आमचा तबलजी प्रकाश रागाने ग्रुप सोडून गेला. सगळ्यांत नवल शेजारचं. नोरीनचा थोरला मुलगा जन्मापासून अंथरुणावर आहे, त्याचं सगळं तीच करते. तिने वरच्या खिडकीत 'हो'चा कागद लावला आणि तिच्या नवऱ्याने, पॉड्रिगने, खालच्या खिडकीत 'नाही'चा. एकाच घराला! लग्न झाल्यापासून प्रत्येक मतदानात दोघं एकमेकांच्या विरुद्ध असतात म्हणे. मी त्याला विचारलं, तुमची मतं एकमेकांना खोडतात तर दोघंही घरीच का बसत नाही? तर म्हणाला, मी बसेन, पण ती खरंच बसेल याचा भरवसा काय!

हे सगळं बघून मला आपल्या गावाची आठवण येत राहिली. आपल्या दूध संस्थेत अण्णांनी बिनविरोधची रीत घातली ती आजवर टिकली. देवळात बसायचं, नावं वाचायची, कुणाची हरकत नाही ना असं तीनदा विचारायचं आणि नारळ फोडायचा. ना फलक, ना रुसवे.

म्हणून मुद्द्याचं लिहितो. अण्णांच्या मागे देवळात नावं वाचतात त्या प्रल्हादकाकांचा फोन आला होता. तू महिलांच्या जागेसाठी अर्ज भरलास आणि त्यामुळे यंदा मतदान घ्यावं लागेल, असं ते म्हणाले. फार कष्टी वाटले. अण्णांच्या मुलीनेच अण्णांची रीत मोडावी, हे त्यांना लागलं आहे. अक्का, तू अर्ज मागे घ्यावास असं मला वाटतं. तू ऐकशील या भरवशावर मी काकांना तसा शब्दही दिला आहे.

फोनवर हे बोललो नाही, कारण तुझा फोन म्हणजे सगळ्या घराचा फोन. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, हे वाचून रागावलीस तरी तो कमी करू नकोस.

तुझा,
पुरुषोत्तम

*

हिंगणवाडी,
१४ मार्च २०२४

चि. पुरुषोत्तमास अनेक आशीर्वाद.

बाळू, तुझं पत्र पोचलं. स्वरांगीने तिच्या मोबाइलवर मोठं करून दाखवलं. सूनबाई गुणी आहे, फोटो उघडून देते आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहते. उत्तराचा फोटोही तीच काढून पाठवील.

मी रागावले नाही. पण तू काकांना शब्द दिलास तो कुणाचा रे? तुझा असता तर खुशाल द्यायचास.

मी अर्ज कशाला भरला ते काकांनी तुला सांगितलं नसेल. दूध घालायचं ठिकाण वरच्या आळीत आहे. आम्ही खालच्या आळीच्या बायका पहाटेच्या अंधारात भरलेल्या किटल्या घेऊन चढ चढतो. मागच्या पावसाळ्यात शेजारची सुमन घसरली, हात मोडला, दूध सांडलं ते वेगळंच. खाली एक संकलन केंद्र काढा एवढंच आमचं म्हणणं. दोनदा सांगून झालं. महिलांच्या दोन जागा आहेत, त्यांवर चेअरमनच्या आणि सेक्रेटरीच्या घरातल्या बायका असतात. दोघीही चांगल्या आहेत, पण राहतात वरच्या आळीत.

आणि ते तीनदा विचारणं. तू सभामंडपात अण्णांच्या मांडीवर बसायचास, म्हणून तुला तिथून ऐकू यायचं. आम्ही पायरीच्या खाली उभ्या असायचो. कुणाची हरकत नाही ना, हे पुरुषांकडे बघून विचारतात. आई बत्तीस वर्षं त्या पायरीशी उभी राहिली. तिची कशालाच हरकत नव्हती असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. तिला घरी फार बोलायचं असायचं.

एक विचारते. शेजारणीने काय मत दिलं, तिच्या नवऱ्याने काय दिलं, तू काय दिलंस, सगळं लिहिलंस. उल्का तुझ्याबरोबर गेली होती ना? तिने काय दिलं?

ज्ञानदाला गोड पापा. मराठीत उत्तर दिलं तर दोन. तुझा लोभ मला ठाऊक आहे, पत्रही तसंच लांबलचक येऊ दे.

तुझी,
अक्का

*

गॉलवे,
१८ मार्च २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मी धरूनच चाललो होतो की तिने 'हो'च दिलं असणार.

काल इथला मोठा सण होता, सेंट पॅट्रिकचा. मिरवणूक बघून समुद्राकाठाने परत येताना उल्काला विचारलं. तिने 'नाही' दिलं होतं! मी थांबलोच. ती म्हणाली, त्या नव्या वाक्यात सरकार नुसतं 'प्रयत्न करील' असं लिहिलं होतं आणि 'प्रयत्न करीन' हे ती वीस वर्षं माझ्या तोंडून ऐकत आली आहे, त्याची किंमत तिला ठाऊक आहे. ज्ञानदा इतकी हसली की शेजारून जाणारे लोक वळून बघायला लागले.

मग मीच म्हटलं, आणखी कशाकशाला तुझी हरकत होती ते एकदाचं सांग. म्हणाली, बाकावर बस. मी रविवारी मोठ्या प्रेमाने जायफळ घालून चहा करतो, तो तिला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. घर घेताना तिला ही वाऱ्याची बाजू नको होती. हे सगळं मी हसून ऐकलं. पण शेवटी म्हणाली की ज्ञानदा शाळेत जायला लागली तेव्हा तिला पुन्हा फार्मसीत काम करायचं होतं. मी म्हटलं होतं, कशाला दगदग, आणि ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मी होकारात धरलं. ज्ञानदा तिच्या इंग्रजीत म्हणाली, डॅड, तुम्ही विचारलंच कुठे होतं! दोघींकडेही बघायचं धाडस मला झालं नाही.

आता घरात रोज कशावरून तरी मतभेद असतो. चहा साधा होतो. पुन्हा फार्मसीत लागायचं तर कायकाय करावं लागेल याची उल्का चौकशी करते आहे. घरात आवाज वाढला आहे आणि, आश्चर्य म्हणजे, मला झोप चांगली लागते. शेजारी नोरीन हरली, पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीसारखी हातात हात घालून चर्चला गेली. दोन्ही खिडक्यांतले कागद पॉड्रिगनेच काढले. तिचा मात्र घडी करून कपाटात ठेवला म्हणे, पुढच्या वेळी चिडवायला. प्रकाशही काल तबला घेऊन आला. वाद संपला नाही, पण त्याच्याशिवाय भजन रंगत नाही हे त्यालाही माहीत आहे.

तरी अक्का, काकांचं कोडं सुटत नाही. पहिला अभंग मला त्यांनी शिकवला. तालुक्याला परीक्षेला सायकलवर बसवून नेलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला दिलेला शब्द कसा परत घेऊ? थोडा धीर धर. देव बुद्धी देईल.

लोभ असू दे, तुझ्या या गोंधळलेल्या भावावर जरा जास्तच असू दे.

पुरुषोत्तम

*

हिंगणवाडी,
२४ मार्च २०२४

चि. पुरुषोत्तमास अनेक आशीर्वाद.

आज होळी. पुरण शिजतंय, म्हणून थोडक्यात लिहिते.

काका येऊन गेले. माघारीचा कागद ठेवून गेले आहेत, सहीपुरती जागा मोकळी. गुरुवारी दुपारपर्यंत मुदत. त्याआधी बुधवारी संध्याकाळी आरतीनंतर देवळात बसायचं ठरलं आहे. तिथून तुला फोन लावणार आणि तो माइकसमोर धरणार. परदेशातून अण्णांच्या मुलाने सांगितलं की सगळ्यांचं समाधान होईल, असं काकांचं म्हणणं.

मी जाणार नाही. घरी कागद समोर घेऊन बसेन. बाळू, तुझा शब्द मी मोडणार नाही. गावासमोर तुला खोटं पाडून मला ती जागा नको. तू दिलेला शब्द तूच परत घेऊ शकतोस. घेतलास तर उभी राहीन, पडले तर पडेन, किटली उचलायची सवय आहेच. नाही घेतलास तर सही करीन आणि तुला कधी बोलून दाखवणार नाही. मात्र मी गप्प बसले म्हणून माझी हरकत नव्हती असं समजू नकोस.

उल्काला म्हणावं, जायफळाचं मलाही कधी पटलं नव्हतं. लोभ काही केल्या कमी होणार नाही, त्याची काळजी नको.

तुझी,
अक्का

*

गॉलवे,
२७ मार्च २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

स्वरांगीने तुला सांगितलंच असेल, तरी माझ्या हाताने लिहितो.

इथे दुपार होती. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली तसा गाडीत जाऊन बसलो. आम्ही हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवतो, हात स्थिर लागतो. आज सकाळपासून दोन नळ्या वाया घालवल्या. फोन आला तेव्हा आधी घंटा ऐकू आली, मग खोकला, तो काकांचा. त्यांनी गावाला सांगितलं की आपला पुरुषोत्तम फोनवर आहे. नावं वाचली. तुझं नाव त्यांत नव्हतं. मग त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, कुणाची हरकत नाही ना? कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. मला पायरीशी उभी असलेली आई दिसली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, काका, माझी हरकत आहे.

माइकवरच काकांनी विचारलं, काय म्हणालास? मी सांगितलं की मी शब्द दिला तो माझा नव्हता, अक्काचा होता, आणि तिला न विचारता दिला. तो मी सगळ्यांसमोर परत घेतो आहे. मतदान होऊ द्या. काकांनी विचारलं, त्या देशाने तुझी मती फिरवली का? मी म्हटलं, काका, पहिला अभंग तुम्ही शिकवलात, मती तुमचीच आहे. आणि अक्का हरली तरी दुसऱ्या दिवशी काकड्याला तुमच्या शेजारीच बसेल. ते पुन्हा खोकले. तेवढ्यात लांबून, पायरीच्या बाजूने, एका बाईचा आवाज आला, हरकत आमचीबी हाय. मग दुसरीचा. मग इतका गलका झाला की काकांना नारळ फोडायचं सुचलंच नसावं, तो आवाज काही आला नाही.

काका माझ्यावर रुसतील. येत्या सुट्टीत येऊन त्यांचे पाय धरीन, पण शब्द फिरवणार नाही. लोभ मागत नाही, यंदा तू मत माग.

त्या कागदावर सही करू नकोस, अक्का. मी हरकत घेतली आहे.

तुझा,
बाळू