निळी भाकरी

आये, तुला जाऊन लय वर्सं झाली, पर एक गोष्ट माझ्या डोक्यातनं जात न्हाई. त्या शेजारणीला पीठ तू दिलं व्हतंस, का तिनं चोरलं व्हतं?

दुष्काळाचं साल. रेशनच्या तांबड्या मिलो जवारीची भाकरी, तीबी अर्धी. दादा फौजेत. तू, वहिनी आन म्या लोणंदच्या अंगाला तलावाच्या कामावर खडी फोडाय जायाचो. रोजचं पीठ डब्यात, आन अडीनडीचं उतरंडीतल्या मडक्यात. मडक्यातलं पीठ थापून सारखं करायचीस आन वर तुझा पंजा उठवायचीस. कुणी हात घातला की पंजा मोडंल, चोरी कळंल. पर झालं भलतंच. पंजा जागच्या जागी, आन पीठ मातुर खाली खाली चाललेलं. तू वहिनीचा हात वढून आपल्या हाताला लावलास. बोटाला बोट जुळलं.

"पीठ घेतीस आन वर माझ्यागत पंजा उठवतीस व्हय गं?"

"आवं आत्याबाई, कुंकवाची आण घेते, म्या न्हाई."

"दादा सुट्टीवर यिऊ दे. म्हायेरीच धाडते तुला."

त्या दिसापासनं वहिनी मागितल्याबगर पाणीबी घिईना. म्या सगळ्यांवर डोळा ठेवून. वहिनीवर, येणाऱ्याजाणाऱ्यावर, आये, खोटं कशाला बोलू, तुझ्यावरबी. शाळेत माझं डोकं कवाच चाललं न्हाई, असल्यात मातुर लय पळायचं. तू पाण्याला गेलीस तवा कापडाला घालायची नीळ मडक्यात कालवली, बोटं आवळून तुझ्याएवढा पंजा उठवला. तुलाबी कळला न्हाई! कोरड्या पिठात नीळ दिसत न्हाई, पाणी लागलं की बोलती.

दोन-तीन दिस गेले. दुपारी बाभळीखाली सगळ्या बाया फडकी सोडून बसलेल्या. आपली शेजारीण, दोन पोरांची रांडाव बाई, पाठ करून खातीया. म्या हळूच पुढं जाऊन बघतो, तर हातात जांभळी-निळी भाकरी. पोरांची व्हटंबी निळी. पीठ मळतानाच तिला दिसलं असणार. तरी तिनं भाजली. टाकून द्यायची सोय कुणाला व्हती?

तवा मला ते सुचलं न्हाई. म्या टाळ्या पिटून वरडलो, "गावला गं चोर! आमच्या मडक्यातलं पीठ हाय, नीळ म्या घातलीया!"

मुकादम आला. "उद्यापासनं कामावर यिऊ नगंस," म्हनला तिला. ती निस्ती तुझ्याकडं बघत राहिली.

तू हातातला घास खाली ठेवलास. "म्या दिलंय."

"कवा?" म्या इचारलं.

"तुला इचारून देऊ व्हय रं भाड्या? मुकादम, माझ्या घरचं पीठ, माझ्या हातानं दिलंय. जावा तुमी."

आन तिच्या भाकरीचा तुकडा मोडून तू तोंडात घातलास. तुझी जीभ सांजपतूर निळी व्हती.

घरी आल्यावर वहिनी दारातच हुबी राहिली. "आत्याबाई, मग माझी आण?" तू तिला हाताला धरून मडक्यापाशी नेलंस आन म्हनलीस, "हितनं फुडं पंजा तूच उठवायचा." मला मातुर डाफरलीस, "तुझी भाकरी कमी पडली व्हय रं? मग गप बस."

गप बसलो. पर आये, तू दिलं असशील तर वहिनीला का रडवलंस? आन दिलं नसशील तर चारचौघांत एवढं मोठं खोटं बोललीस कशी? म्या किती डाव उलटंपालटं करून बघितलं, दोन्ही बाजूंनी तूच गावतीस.

आता विश्रामबागेत माझं किराणा दुकान हाय. बंद करताना बेसनाच्या डब्यात म्याबी पंजा उठवतो. धान्य निवडाय एक बाई येती. परवा बघितलं तर पंजा माझा न्हवता, करंगळी आखूड व्हती. म्या तिला काय बोललो न्हाई. तुला वाटंल पोरगं आपल्यावर गेलं. तसं न्हाई. हे तुला पोचायचं न्हाई म्हनून लिवतो: नीळ कुठल्या फळीवर हाय, ते म्या बघून ठेवलंय.