खांद्यावरचा हात कोणाचा?

नांदुरा,
कार्तिक वद्य पंचमी, १९६१

चिरंजीव निवृत्तीस,

शालिग्रामचे अनेक आशीर्वाद. (कोर्टातले जुने कारकून पंजाबराव म्हणाले, कायद्याच्या कामाचं पत्र आहे, 'श्रीयुत' लिहा. तसं लिहून पाहिलं. पण सख्ख्या धाकट्या भावाला श्रीयुत लिहिताना लेखणी अडखळली, म्हणून तो कागद फाडला आणि हा नवा घेतला.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, तेव्हा ठीक आहे. तुझी प्रकृती कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. वडनेर भोलजीच्या बाजारात तू वारला आहेस, नांदुऱ्याच्या अर्ध्या बाजारातही वारला आहेस, त्यामुळं तिकडे धाड गावी तू धडधाकट आहेस हे तुझ्या अक्षरात कळलं तर बरं वाटेल. चि. सौ. सिंधूला आणि लेकरांना आशीर्वाद. तुझी वहिनी बरी आहे. माझ्याशी कमी बोलते, आणि मला वाटतं म्हणूनच बरी आहे.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. आपण वेगळे झालो तेव्हा पंचांनी खलबत्ते वाटले, चाळण्या वाटल्या, कोळशाची पोतीसुद्धा वाटली. (दंतमंजनात लवंग किती टाकायची यावरून दोन भावांनी चुली वेगळ्या केल्या, हे मी अजून कोणाला सांगू शकलेलो नाही. लोकांना सांगतो, जागा अपुरी पडत होती.) तू धाडला जाऊन किराण्याचं दुकान टाकलंस आणि मंजन माझ्याकडे राहिलं. पण 'दोन भाऊ छाप' हा मार्का कोणाचा, हे ना पंचांच्या ध्यानात आलं ना आपल्या. मी तेव्हा रागात होतो. छापखान्यात गेलो आणि म्हणालो, पुडीवरच्या फोटोतला धाकटा काढून टाक, नुसतं 'भाऊ छाप' कर. त्यानं छपाईचा ब्लॉक घासला. तू गेलास, पण हात गेला नाही. तुला आठवत असेल, मलकापूरला तो फोटो काढताना फोटोवाला काळ्या कापडात शिरला, तेव्हा तू बिचकून माझा खांदा धरला होतास. चांगला घट्ट धरला होतास, बोटं कोटात रुतलेली दिसतात. छापखानेवाला म्हणाला, "हात काढाचा तं खांदा काढा लागन, अन् खांदा काढला तं मान राहत नाही." मान मला हवी होती, म्हणून हात राहू दिला. तेव्हापासून माझ्या पुडीवर मी एकटा उभा आहे आणि माझ्या खांद्यावर एक बेवारस हात आहे.

ती पुडी घेऊन मी वडनेरच्या बाजारात बसलो. आपलं जुनं गिऱ्हाईक गोजरबाई आली. तिला वाचता येत नाही, पण पुडीवरचं चित्र ती सोनारानं दागिना पारखावा तसं पारखते. पुडी उलटी केली, सुलटी केली आणि डोळ्याला पदर लावला. "काऊन बापा, धाकले कवा गेले? मले कोणी सांगतलं बी नाही!" इथं मी 'अहो बाई, तो मजेत आहे, आम्ही भांडलो' एवढंच म्हणायला हवं होतं. पण भरल्या बाजारात भावाशी भांडल्याचं सांगायची लाज वाटली आणि मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं तिनं दुःख म्हणून घेतलं. (ते दुःखच होतं, पण निराळं.) मग शेजारची बांगडीवाली हळहळली, मग तिच्याकडे आलेल्या बाया. पुड्या घेत होत्या आणि "जीवाले जपा भाऊ" म्हणत होत्या. विक्री कधी नव्हे एवढी झाली, निवृत्ती, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

ही सहानुभूती काही फार टिकली नाही. पुढं कोणीतरी 'दोन मामा छाप' मंजन बाजारात आणलं. दोन माणसं, दोन फेटे, पुडीचा रंग थेट आपला. मंजन म्हणजे चुलीतली राख आणि नावाला कापूर. तरी लोक तेच घेतात, कारण खऱ्या पुडीवर दोघं असतात हे त्यांना पक्कं माहीत, आणि माझ्या पुडीवर मी एकटा. घसा कोरडा करून सांगितलं की असली मीच, तर एक जण म्हणाला, "तुमीच नकली दिसता भाऊ. मंग हा हात कोनाचा आहे?" चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण इथं चोराला शिरजोर व्हायची गरजही पडली नाही.

तेव्हा पंजाबरावांकडे गेलो. (त्यांचे उरलेले दात आपल्याच मंजनानं टिकले आहेत, त्यामुळं ते मला नाही म्हणत नाहीत.) ते म्हणाले, पूर्वी लोक सबरजिस्ट्रारपुढं एक कागद करून मार्क्याचे मालक व्हायचे. आता जुना कायदा जाऊन नवा आला आहे. मुंबईच्या ऑफिसात अर्ज करायचा, ते तपासतात, छापून जाहीर करतात, कोणाची हरकत आली नाही तर नोंद करतात, आणि मग नक्कल करणाऱ्याला थेट तुरुंग. तुरुंग हा शब्द मला फार आवडला. पुडी चिकटवून अर्ज धाडला. तिकडच्या साहेबांनी मंजनात काय आहे हे विचारलं नाही, दातांना लाभ होतो का हेही विचारलं नाही. एकच विचारलं: चित्रातला हात कोणाचा? माणूस जिवंत असेल तर त्याची लेखी संमती पाठवा, वारून वीस वर्षं झाली नसतील तर वारसांची.

यावर पंजाबराव काय म्हणाले असतील? "सोपं आहे. बजारात तं तो मेलाच आहे. सिंधूबाईचा आंगठा आणा, काम होते." माणूस वाईट नाही, कायद्याच्या बाजूनंच बोलला. पण मी त्यांना सुपारीसुद्धा न देता वाटेला लावलं. आत जाऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मुंबईच्या साहेबाले दिसते तुमच्या खांद्यावर हात आहे. तुमालेच काऊन दिसत नाही?"

खरं सांगतो, मला फार वाईट वाटतं. लवंग थोडी जास्त पडली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? दातांचं उलट बरंच झालं असतं. तू बोलायला लागलास की मी आवाज चढवायचो, आणि तू गप्प झालास की मला वाटायचं आपलं खरं झालं. आता कोणीच उलट बोलत नाही. सगळं माझ्या मनासारखं चालतं आणि मन लागत नाही.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग. मोठ्या भावाला द्यायचा मान तुला द्यावासा वाटेल तेवढाच दे.

तुझा,
शालिग्राम

ता. क. पत्राचं कारण सांगायचं राहिलंच. संमतीपत्रावर तुझी सही हवी. पोस्टानं पाठवणार होतो, पण पंजाबराव म्हणतात सही समक्षच झाली पाहिजे. (आधी ते तसं म्हणत नव्हते. मी त्यांना पुन्हा एकदा विचार करायला सांगितला.) तेव्हा तुला यावं लागेल. वडनेरच्या बाजाराच्या दिवशी ये आणि थेट बाजारातच ये, म्हणजे गोजरबाईचीही खात्री पटेल. मात्र एकदम तिच्यापुढं उभा राहू नकोस, बाई म्हातारी आहे.

आणखी एक. वर सहीचं लिहिलं ते सोडून दे. मुंबईला उत्तर द्यायची मुदत दिवाळीतच संपली, अर्ज निकालात निघाला, आणि हे मला पत्र लिहायला बसायच्या आधीपासून माहीत होतं. तुझं इथं काही काम नाही. तू ये.