गॅलरीतलं वजन

३ जून, सकाळी ९
नात आली. वय वर्षं आठ. सोबत एक बॅग, एक दप्तर आणि उड्या मारायची एक दोरी. दोरी माळ्यावर टाकली.

मुलगी आणि जावई कामासाठी तीन महिने बाहेरगावी. पोरीला व्याह्यांकडेच ठेवायचं घाटत होतं, म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या गल्लीत, मुलीचा संसार आहे त्या दोन खोल्यांत. त्या गल्लीत सगळा आनंदच आहे. ना गेट, ना वॉचमन, ना पार्किंग. पोरं दिवसभर रस्त्यावर बोंबलत असतात. मी हट्टच धरला. शेवटी मुलीने अट घातली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई आज वजन-उंची घेतील, ऑगस्टअखेर पुन्हा घेतील. तब्येत सुधारली तर पोरगी कायमची आमच्याकडे. नाही तर परत गल्लीत.

आजचं वजन सव्वीस किलो, उंची एकशे सव्वीस. जावई म्हणाले, छान आहे की. जावयांना सगळंच छान वाटतं.

संकल्प: तीन महिन्यांत पोरीचा कायापालट. हीसुद्धा मान डोलावून म्हणाली, बघू. बायकोच्या 'बघू'मध्ये काय काय असतं ते मला चाळीस वर्षांत कळलेलं आहे. दुर्लक्ष केलं.

५ जून
पोरीने विचारलं, खेळायचं कुठे? गॅलरीतून मैदान दाखवलं. अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मैदानाला कुलूप मीच लावलं. तेव्हापासून हिरवळीचं एक पातं वाकलेलं नाही. हिरवं बघितलं की डोळ्यांना बरं असतं, असं समजावलं. पाच मिनिटं बघितलं तिने. मग टॅब मागितला. दिला. शांत बसली. गल्लीतल्या पोरांना शांत बसता येतं का?

वाचनाचीही सोय केली. लिफ्टची वाट पाहताना नोटीसबोर्ड मोठ्याने वाचून घेतो. सगळ्या नोटिसा माझ्याच हातच्या. भाषा शुद्ध, वाक्यं आटोपशीर.

१४ जून
तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आणि त्यांच्यासारखेच आणखी चार रिकामटेकडे बाप अर्ज घेऊन आले. मैदान संध्याकाळी पाच ते सात उघडा म्हणे. सह्या पेन्सिलीने. अर्ज परत केला. ज्यांना पेन सापडत नाही त्यांना मैदान कशाला हवं?

बँकवाल्यांचा मुलगा तर लिफ्टमध्ये शिरला की लिफ्टच उसासा टाकते. दोष कुणाचा? आईबापांचा. घरात बिस्किटांचे डबे आणि बोंब सेक्रेटरीच्या नावाने!

२८ जून
औषध आणायला गेलो तर डॉक्टरीणबाईंनी थांबवून घेतलं. दोन्ही वस्त्यांतल्या मुलांच्या वजन-उंचीची नोंद करतायत. म्हणाल्या, मुलाच्या तब्येतीत घरातल्या ताटाइतकाच घराबाहेरच्या जागेचाही वाटा असतो. चालायला रस्ता आहे का, खेळायला मोकळं आहे का, बरोबर कोण आहे. तुमच्या सोसायटीतली मुलं सुटत चालली आहेत म्हणाल्या.

मी ठणकावून सांगितलं, वजन तोंडातून वाढतं, नोटीसबोर्डातून नाही. बाई गप्पच झाल्या. शिकलेल्या माणसाला गप्प करायला शिकलेलाच माणूस लागतो.

१२ जुलै
घरी वजनकाटा आणला. पोरगी अठ्ठावीस. अशक्य. काट्याखालची फरशी उताराची असणार. काटा स्वयंपाकघरात नेला. अठ्ठावीसच. दिवाणखान्यात अठ्ठावीस आणि वर थोडं. गॅलरीत, कठड्याला हात टेकून उभी राहिली तेव्हा साडेसव्वीस. गॅलरीतली फरशी मुळात चांगली बसवलेली आहे. यापुढे वजन तिथेच घ्यायचं.

ही म्हणाली, मग मलाही गॅलरीतच तोला.

१३ जुलै
तरीही खबरदारी म्हणून संकल्प: रोज सकाळी सहाला आजोबा-नात फिरायला. टाळाटाळ नाही.

१४ जुलै
बूट सापडले नाहीत. माझे.

१५ जुलै
झोप पुरी होणंही महत्त्वाचं असतं.

१६ जुलै, सकाळी ६.२०
निघालो. पोरगी धावायलाच लागली. वॉचमनने शिट्टी मारली. आवारात धावू नये, नोटीस क्रमांक नऊ. मी म्हटलं, अरे मी आहे. तो नम्रपणे म्हणाला, साहेब, सही तुमचीच आहे. असा माणूस मिळायला नशीब लागतं. त्याचं कौतुक केलं आणि परत आलो. गेटबाहेर जायचं तर फुटपाथवर आमच्याच सोसायटीच्या जास्तीच्या गाड्या लावलेल्या. लिफ्टने वर. जिन्याला नवा रंग दिलाय, पोरं भिंतीला हात लावतात.

फिरणं स्थगित.

४ ऑगस्ट, संध्याकाळी ७
पोरगी दीड तास गायब! जीव थाऱ्यावर नव्हता माझा. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, सगळीकडे शोधलं. टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारून पाहिली.

सापडली मागच्या गल्लीत. पार्किंगमागच्या भिंतीला भगदाड आहे, तिथून गेली. दोरीच्या उड्या मारत होती आणि उड्या मोजायला आमच्याच सोसायटीची सात पोरं उभी. बँकवाल्यांचा ढोल्यासुद्धा! व्याही ओट्यावर बसून बघत होते. वर मलाच बसा म्हणाले. नाही बसलो.

दोरी? हिनेच माळ्यावरून काढून दिली म्हणे. घरभेदी.

घरी आणलं तेव्हा पोरीचे गाल लालबुंद, केस विस्कटलेले. जेवताना टॅब मागितला नाही. एकटीच बडबडत होती आणि आठ वाजायच्या आत झोपली. एका दिवसात किती थकवलं पोरीला!

५ ऑगस्ट
भगदाड बुजवून घेतलं. गवंडी म्हणाला, दोन दिवस ओलं ठेवा. वॉचमनला पाणी मारायला सांगितलं. नोटीस क्रमांक सतरा लावली. पोरीने लिफ्टपाशी वाचली. 'भगदाड' शब्द पहिल्या फटक्यात बरोबर वाचला. प्रगती आहे.

३० ऑगस्ट
उद्या तपासणी. गॅलरीत सत्तावीस. आता दोन्ही हात टेकून. कपडे वजनाला हलके काढून ठेवलेत. काही अडचण नाही.

३१ ऑगस्ट, दुपारी १
दवाखान्याच्या काट्याला कठडा नाही.

साडेतीस किलो. उंची जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढली. मी फरशीचा मुद्दा मांडला. बाईंनी काटा दोनदा सरकवून दाखवला. मुलगी आणि जावई समोरच होते. जावयांनी आकडा लिहून घेतला. 'छान' तरी म्हणायचं!

मग बाईंनी पोरीला विचारलं, दिवसभर काय काय खेळतेस? पोरगी सरळ उभी राहिली आणि म्हणायला लागली. हिरवळीवर पाय ठेवू नये. आवारात धावू नये. चेंडू आढळल्यास जप्त करण्यात येईल. मुलांनी जिना वापरू नये. एक ते सतरा, ओळीने, एक शब्द न चुकता. शेवटी 'आदेशावरून, सेक्रेटरी' हेही. उच्चार अगदी स्वच्छ होते.

दवाखान्यात कुणीच हसलं नाही. हसले असते तर मी रागावलो तरी असतो.

संध्याकाळी ५
पोरगी गेली. बॅग, दप्तर, दोरी. भिंतीपलीकडे, पण गेटमधून वळसा घालून. दारात विचारलं, रविवारी येशील ना आजोबांकडे? तिने विचारलं, चालतं का?

चालतं म्हणालो.

२ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ६.३०
सकाळी निर्णय घेतला: मैदान खुलं. रविवारी, पाच ते साडेपाच, प्रायोगिक तत्त्वावर. नवा लाल चेंडूही आणला. कुलूप गंजलेलं. वॉचमनने दगडाने तोडलं.

पाच वाजता बाकावर जाऊन बसलो. सव्वापाच झाले, एकही पोर नाही. या लोकांना सवलतीची किंमत नसते. मग भिंतीपलीकडून गलका ऐकू आला. पार्किंगमागे जाऊन पाहिलं. भगदाड पुन्हा पाडलेलं. दोन दिवस पाणी मारून घेतलं होतं मी!

भगदाडातून डोकावलो. सोसायटीची झाडून सगळी पोरं तिकडे. बँकवाल्यांचा मुलगा धावत होता. धावत! आणि माझी नात भिंतीला टेकून, डोळे झाकून आकडे मोजत होती.

जावंसं वाटलं. आडवा होऊन खांदा घातला. खांदा गेला, पोट अडकलं. ज्या भोकातून तो ढोल्या आरपार जातो त्यातून मी जाईना. तिथूनच तिला हाक मारली. तिने डोळे न उघडताच सांगितलं, आजोबा थांबा, माझ्यावर राज्य आहे.

थांबलो. शंभर आकडे होईपर्यंत. मग ती पोरांना शोधायला दुसऱ्या टोकाला गेली आणि वॉचमनने मला मागून ओढून काढलं.

मैदानावर परत आलो तर बाकावरचा चेंडू नव्हता. नोटीस क्रमांक चार, साहेब, असं वॉचमन म्हणाला. जप्त केलाय. परत हवा असल्यास सेक्रेटरींकडे लेखी अर्ज करावा लागेल.

अर्ज लिहायला बसलो आहे. पेन सापडत नाही.