ट्रँटरकाकांची भूमिका

बर्नली, रविवार

प्रिय आई,

मी धडधाकट आहे आणि पोटभर जेवतो, एवढं आधी वाच आणि निर्धास्त हो. घरमालकीण रोज मासा-बटाटे देते. बाबांचा खोकला कसा आहे?

मला कप्तानाची मोठी भूमिका मिळाली. पांढरी दाढी चिकटवून करतो. येत्या शनिवारी लंडनहून सिनेमाचा माणूस बघायला येणार आहे. पण शेजारीपाजारी सांगत फिरू नकोस.

ती भूमिका आमच्या नाटक कंपनीतल्या म्हाताऱ्या ट्रँटरकाकांची होती. मला भराभर वाचता येत नाही, म्हणून तेच रोज अख्खं नाटक वाचून दाखवायचे. त्यामुळे त्यांची वाक्यंही मला पाठ झाली. गुरुवारी भर प्रयोगात ते अडकले. पडद्याआडून एकजण वाक्य सांगत होता, पण काकांना कमी ऐकू येतं. ते माझ्याकडे बघत राहिले. अशा वेळी समोरच्यानं सांभाळून घ्यायचं असतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण डोक्यात तो सिनेमावाला होता, आणि मी गप्प राहिलो, आई. लोक हसले. मॅनेजर टपलेलाच होता. त्यानं काकांना काढून टाकलं.

निघताना काकांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "रडतोस काय गाढवा? तूही अडकलास ना? तुझ्या वयात माझंही व्हायचं असं. सकाळी मोठ्यानं म्हणत जा सगळं, म्हणजे सुटत नाही."

मी "हो काका" म्हणालो.

तुझाच,
नेड