चेनच्या दोन कड्या आणि नव्वद किलोंचं गिऱ्हाईक

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तो उभ्या-उभ्याच मान्य करून घ्यावा.) तुमच्या खोकल्याची चौकशी आईने दोनदा केली, एकदा रागाने आणि एकदा काळजीने. मी दोन्ही एकत्रच कळवतो आहे.

"मोटारसायकल विकलीस का?" हे विचारणारं तुमचं चौथं पत्र पोचलं. नाही विकली. दोन वर्षांपूर्वी शर्यतीच्या ट्रॅकवर पडलात, तेव्हापासून तुम्ही तिच्याकडे पाठ केलीत आणि ती माझ्या शिवणाच्या दुकानात चादरीखाली उभी आहे. पण आता गिऱ्हाईक मिळालंय. त्याला ती ट्रॅकवरच पळवायची आहे आणि त्याची एकच अट आहे, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, चार दाते मोठं हवं. इथल्या ट्रॅकवर वळणंच वळणं, तिथे टॉप स्पीड काय चाटायचाय, वळणातून बाहेर पडताना गाडीने उसळी मारली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. (बोलतो अगदी तुमच्यासारखा. मी दुर्लक्ष केलं.)

मोठ्या स्प्रॉकेटला जुनी चेन पुरत नाही, हे मला मेकॅनिकने सांगितलं. (त्याला आम्ही फुंकर म्हणतो. कुठलाही भाग हातात घेतला की तो आधी फुंकतो, मग बोलतो.) लांब चेन आणायची आणि जास्तीच्या कड्या तोडायच्या. आता मोजायचं आणि कापायचं म्हटल्यावर एकतीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाने दुसऱ्याचं कशाला ऐकावं? मी गळ्यातली टेप काढली, गाडी स्टँडवर लावून माप घेतलं, खडूने खूण केली आणि म्हटलं, "तोड." तो म्हणाला, "आधी कुणीतरी बसा." मी म्हटलं, मी दमलेलो नाही.

चेन अशी चपखल बसली की मीच चार लोकांना बोलावून दाखवली. मग त्यांच्यादेखत गाडीवर बसलो. माणूस बसला की गाडी दबते आणि चेन आणखी ताणली जाते, हे तेव्हा कळलं. चाक कण्हायलाच लागलं. मामा, "पँट बसून बघा" म्हणून मी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या मागे लागतो आणि गाडीचं माप मात्र उभ्याने घेतलं! फार लाज वाटली.

दुसऱ्या चेनला सवयीप्रमाणे शिलाईसाठी दोन बोटं जास्त सोडली. ती गल्लीच्या पहिल्याच वळणावर उतरली आणि पाठोपाठ मी. (उसण तिथलीच.) बायको धावत आली आणि तिने आधी गाडीला कुठे लागलं का ते पाहिलं.

मी फुंकरला म्हटलं, यातली अर्धी कडी कमी कर. त्याने आधी चेन फुंकली, मग मला समजावलं: कड्या जोडीनेच निघतात, एक आतली, एक बाहेरची. उरलेलं माप चाक मागे-पुढे सरकवून जुळवायचं आणि तेही चालवणाऱ्याच्या वजनाला धरून. गिऱ्हाईक नव्वद किलोंचं, मी चोपन्न. म्हणून मी छत्तीस किलोंचे सुटाच्या कापडाचे तागे मांडीवर घेऊन तासभर गाडीवर बसलो. एक बाई पडदे न्यायला आल्या. त्यांनी पडदे नेले, प्रश्न विचारला नाही.

आता चेन फर्स्टक्लास आहे. एकटा बसलो की मात्र ढिली पडून खडखडते. म्हणजे ही गाडी आता त्या एकाच माणसाच्या कामाची. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मामींचं पत्र मागेच आलंय. रस्त्याने मोटारसायकल गेली की तुम्ही जेवता-जेवता थांबता, आणि आवाज विरेपर्यंत घास हातातच राहतो, असं त्यांनी लिहिलंय. हे तुम्हाला सांगू नकोस, असंही लिहिलंय.

आणखी ता. क. गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. नव्वद किलो हा आकडा मामींनीच कळवला. रविवारी सकाळी ट्रॅकवर तुमचं नाव दिलं आहे. मला ती गाडी विकवत नाही मामा, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. एकदा येऊन बसा. तरीही नको वाटली, तर सोमवारी विकतो.

शेवटचं. डॉक्टरांनी तुम्हाला वजन उतरवायला सांगितलंय म्हणे. तेही सोमवारपासूनच उतरवा.