आसरांचं पाणकणीस

४ जुलै ७२
पाऊस नाही. तळ्यात पाणी पोटरीएवढं. पण तापस आलाय! बगळ्याचाच लाजरा भाऊबंद. पाणकणसाच्या बेटात मान सरळ वर करून उभा. नजर हलली की दिसेनासा. तीन वर्षं वाट पाहिली याची. शाळेत कुणाला बोललो नाही. म्हणतील, गुरुजींना दुष्काळात बगळे सुचतायत.

९ जुलै
घरटं आहे. काड्या वाकवून केलेलं, पाण्यापासून वीतभर वर. मादी बसलेली. घरी गुणगुणत आलो तर सौ. विचारते, बदली झाली का?

११ जुलै
काष्टीच्या बाजारात कडबा बघायलाही नाही. लोक तळ्यातलं पाणकणीस कापू लागलेत गुरांसाठी. त्यांना काय म्हणणार? पण दगडूबा विळा घेऊन नेमका बेटाकडेच निघाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं नको. आसरांची जागा आहे ती."
पाण्यातल्या देवी, आसरा म्हटल्यावर त्यानं हातच जोडले. "बरं झालं सांगितलंत गुरुजी. न्हाईतर लई वंगाळ झालं आस्तं."
देवाला कधी नमस्कार न करणारा मी! असो. बेट वाचलं.

१४ जुलै, शुक्र.
बेटासमोर हळदकुंकू, लिंबं, हिरव्या बांगड्या. बायका चिखलात उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. पावसासाठी. त्यात आमची सौ.ही. मादी उठून गेली ती दिवेलागणीपर्यंत परतली नाही.

१८ जुलै, मंगळ
आज वाजंत्री. शेजारच्या गावची माणसंसुद्धा. म्हटलं, लांबूनच पाया पडा, आसरांना गर्दी आवडत नाही. दगडूबाची म्हातारी आई म्हणाली, "आवडत न्हाई कशी? बायाच हायेत की त्या!" सगळ्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील. मला मात्र रडू येत होतं.

२२ जुलै
अंडी गार. हात लावून पाहिला. नर नाही, मादी नाही. विळ्यानं एका सकाळीत झालं असतं, ते मी आठवडाभर लावून केलं.

२९ जुलै
दगडूबाची गाय बसली की उठत नाही, शेपूट धरून उठवावी लागते. म्हटलं, बेट काप. त्यानं कानांना हात लावले. शेवटी खरं सांगितलं: पाखरासाठी खोटं बोललो, तिथं आसरा-बिसरा नाहीत.
रागावला नाही. समजावल्यासारखं म्हणाला, "तुमाला ठाव नसंल गुरुजी. परवा माज्या बायकोच्या अंगात आल्या त्या. खोट्या कशा?"

२ ऑगस्ट
सकाळी मीच विळा घेऊन गेलो. भारा कापला, त्याच्या गोठ्यात टाकला. गायीनं तोंड लावलं. दगडूबा धावत आला, तिच्या दातांतून काडी काडी ओढून काढली. रडत होता. भारा परत तळ्यात सोडून आला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "आसरांची माफी मागा गुरुजी. तुमच्यापायी पाऊस अडलाय."
गावात हेच बोलतायत म्हणे. सौ.नं नारळ आणून ठेवलाय, परवा शुक्रवारी मला तळ्यावर नेणार. गेलो तर बेट कायमचं आसरांचं, विळा कुणीच लावणार नाही. नाही गेलो तर...
गाय आज उठली नाही.