वरणाचं वरचं पाणी

प्रिय उत्तरा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. बाबांच्या तेराव्याला सगळ्यांदेखत मी म्हणाले की लेकीने भरवलेल्या अंड्यांनी ते गेले. त्यानंतर नोएडाहून गाझियाबादला तू पाऊल टाकलं नाहीस. माझी काही तक्रार नाही.

माझं बरं चाललंय. शेजारच्या शालिनी भाभी दारातून विचारतात, "खाना खाया?" मी हो म्हणते. दुपारी वाचते. सध्या आहारावरचं एक जाड पुस्तक आणलंय. प्रथिनांतली काही अमिनो आम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. गव्हा-तांदळात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. एक जरी अपुरं पडलं, तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही. अंड्यात मात्र सगळी असतात. तिथे मी पुस्तक मिटलं.

बाबांच्या किडन्या बिघडल्या तेव्हा डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितली होती. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि पाठ केला. वरण ढवळायचं नाही; वरचं पाणी त्यांना, खालची डाळ मला. ते म्हणायचे, "प्रभा, यात डाळ नुसती आंघोळ करून गेलीय." पुढे डायलिसिस सुरू झालं, तरी मी तेच वाढत राहिले. त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायचं. मी पट्ट्याला नवी भोकं पाडून आणली.

आपल्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. तू रविवारी डब्यात उकडून आणायचीस आणि बाल्कनीत त्यांना भरवायचीस. मी पकडलं तेव्हा तू म्हणालीस, "आई, डायलिसिसवर जास्त लागतं गं, एकदा विचार तरी डॉक्टरांना." मी म्हणाले, "मारायला निघालीस का त्यांना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडातला घास काढून हातात धरला. न गिळता. महिन्याभराने ते गेले.

परवा पेन्शनच्या कामासाठी त्यांची फाईल उघडली. डायलिसिसच्या पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या आहारवाल्या बाईंनी दिलेला कागद त्यात निघाला. घडी तशीच. स्वच्छ हिंदीत लिहिलंय, अब प्रोटीन बढ़ाना है, दाल गाढ़ी, अंडे की सफ़ेदी रोज़. खाली 'समझ लिया' आणि त्यापुढे माझी सही. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय न फेकणारी मी, तो एक वाचला नाही. पहिला कागद पाठ होता ना. अंड्यांनी ते वाचले असते का, हे कुठलंच पुस्तक सांगत नाही. पण ते उपाशी गेले आणि वाढणारी मी होते. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला तेच सगळे जमतील, तेव्हा हा कागद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तू ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त त्यांच्या आधी तुला कळावं, की तू त्यांना जेवू घालत होतीस.

तुझीच,
आई